लाल दिवा, पांढरा दिवा आणि सायकलवरचा दम: मुरलेल्या सायकलपटूला काही मिळतं का?

फ्रीव्हील (धागाकर्ता)

सायकलिंगच्या ज्या ज्या गटांत मी आहे, तिथे सध्या हा विषय निघतोच. कोणीतरी लाल दिव्यांच्या पॅनेलसमोर मांड्या उघड्या टाकून उभं राहिल्याचा फोटो टाकतं, खाली ‘रिकव्हरी’ एवढंच लिहितं आणि मग कुठलं मॉडेल, किती वेळ, किती अंतरावरून अशी विचारपूस सुरू होते. दुसरीकडे काही जण शर्यतीच्या सकाळी १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) पांढऱ्या दिव्यासमोर कॉफी पीत बसतात. दोघेही त्याला लाइट थेरपीच म्हणतात, त्यामुळे चर्चेत नेहमी गोंधळ होतो.

नवशिक्याला कशानेही फायदा होतो. झोप नीट घेतली, टायरमध्ये हवा बरोबर भरली तरी त्याची वेळ सुधारते. मी विचारतोय ते वर्षानुवर्षं पद्धतशीर सराव करणाऱ्यांबद्दल. ज्यांचा एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी पॉवर) आता हंगामाला चार-पाच वॅटनेच हलतो, त्यांच्या दमावर प्रकाशाने काही फरक पडतो का? पडत असेल तर कुठल्या? अनुभव चालतील, पण त्यामागचं कारणही सांगा. ‘मला भारी वाटलं’ एवढ्यावर पॅनेल घ्यायची माझी तयारी नाही.

---

शंकासुर

आधी जागा धरून ठेवतो. हा धागा शंभरी गाठणार.

माझं मत: टेबलावर दिवा हवाच असेल तर वाचायला बरा पडतो.

---

स्नायूपुराण

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि लाल प्रकाश कामात वापरते, त्यामुळे थोडी बाजू घेऊन बोलते आहे असं समजून वाचा.

फ्रीव्हील, गोंधळाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. पांढरा तेजस्वी दिवा डोळ्यांवाटे मेंदूतल्या घड्याळावर काम करतो. लाल आणि निकट-अवरक्त प्रकाश त्वचेतून थेट स्नायूवर काम करतो असा दावा आहे, त्याला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. दोन्हींत ‘प्रकाश’ हा शब्द सोडला तर काही सारखं नाही. मी दुसऱ्याबद्दल लिहिते, पहिल्याबद्दल झोपेच्या क्षेत्रातलं कोणी लिहील.

सुरुवात १९६७ साली बुडापेस्टमध्ये झाली. एन्द्रे मेस्टर उंदरांवर रुबी लेझरचा प्रयोग करत होते, तेव्हा केस काढलेल्या जागी ते लवकर उगवताना दिसले. पुढे जखमा, सांधे, वेदना असं करत हे शास्त्र खेळापर्यंत आलं. सर्वांत जास्त मान्य असलेलं स्पष्टीकरण असं: पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं विकर असतं, प्राणवायू वापरण्याची शेवटची पायरी तिथे होते. ते साधारण ६०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रकाश शोषतं. त्याला चिकटलेलं नायट्रिक ऑक्साइड प्रकाशामुळे सुटतं आणि ऊर्जा तयार करण्याची अडलेली साखळी मोकळी होते, असं मानतात. हे अजून गृहीतकच आहे आणि त्यावर आक्षेपही आहेत.

खेळाडूंवरचं बरंचसं काम ब्राझीलमधल्या गटांचं आहे. त्यांच्या शिफारशीचा गाभा: व्यायामानंतर देण्यापेक्षा आधी द्या, पाच मिनिटं ते सहा तास आधी. दंडासारख्या लहान स्नायूला एकूण २० ते ६० ज्यूल, मांडीसारख्या मोठ्या स्नायूला ६० ते ३०० ज्यूल. म्हणजे फोटोतले लोक फेरीनंतर पॅनेलसमोर उभे राहतात ते या शिफारशीच्या उलट आहे. पण फोटो फेरीनंतरच बरा येतो, काय करणार.

सायकलपटूंवर थेट काम थोडं आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्राझिली प्रयोगात स्पर्धेत उतरणाऱ्या सायकलपटूंच्या मांड्यांना १३५, २७० आणि ४०५ ज्यूल अशा वेगवेगळ्या मात्रा दिल्या आणि एकदा नुसता दिखाऊ उपचार केला. मग ठरावीक जोरावर थकेपर्यंत पेडल मारायला लावलं. प्रकाश मिळाल्यावर ते जास्त वेळ टिकले. मात्रा तिप्पट केली म्हणून फायदा मात्र तिप्पट झाला नाही.

---

वॅटमोजणी

स्नायूपुराण, छान लिहिलंत. पण तुमच्या शेवटच्या परिच्छेदातला ‘जास्त वेळ टिकले’ हा भाग सगळ्यांनी पुन्हा वाचावा, कारण फसगत तिथेच होते.

थकेपर्यंत पेडल मारण्याची चाचणी फरक फुगवून दाखवते. आकडे घेऊन बघा. समजा एखाद्याची क्रिटिकल पॉवर, म्हणजे बराच वेळ टिकवता येणाऱ्या जोराची वरची मर्यादा, २८० वॅट आहे आणि तिच्यावर जोर लावताना खर्च होणारा साठा २० किलोज्यूल. त्याला ३०० वॅटवर बसवलं तर तो २०,००० भागिले २०, म्हणजे १००० सेकंद टिकेल. आता कुठल्याही कारणाने त्याची क्रिटिकल पॉवर फक्त १ टक्का वाढली, २८२.८ झाली. तोच ३०० वॅटवर आता सुमारे ११६० सेकंद टिकेल. जाहिरातीत लिहायला ‘दम १६ टक्क्यांनी वाढला’, प्रत्यक्षात वाढ १ टक्का.

हीच १ टक्का वाढ घेऊन तो सपाट रस्त्यावर तासाभराची टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) करेल तेव्हा काय होईल? हवेच्या विरोधात वेग पॉवरच्या घनमुळाच्या हिशेबाने वाढतो. म्हणजे वेगात साधारण ०.३ टक्के. ३६०० सेकंदांत सुमारे १२ सेकंद. शर्यतीत १२ सेकंद म्हणजे बरंच काही, मी ते हसण्यावारी नेत नाहीये. पण मुरलेल्या सायकलपटूची एका दिवसाची टाइम ट्रायल आणि दुसऱ्या दिवसाची यांत काहीही न करता एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो. आपले पॉवर मीटरही एक-दोन टक्के इकडेतिकडे असतात. त्यामुळे घरी कोणी ‘मला फरक जाणवला’ म्हणत असेल तर त्याने फरक मोजलेला नसतो, त्याला वाटलेला असतो.

---

शंकासुर

हा प्रतिसाद पिन करा कोणीतरी.

---

फ्रीव्हील

वॅटमोजणी, हिशेब पटला. पण मग उलटाही अर्थ निघतो ना? टाइम ट्रायलमध्ये फरक दिसला नाही म्हणून फरक नाहीच, असंही म्हणता येत नाही. एवढा बारीक फरक आठ-दहा जणांच्या प्रयोगात सापडणारच नाही.

---

वॅटमोजणी

अगदी बरोबर, म्हणून मी ‘थोतांड’ म्हणालो नाही. ‘माहीत नाही, आणि असलाच तर छोटा’ एवढंच म्हणतो. कॅफीनच्या बाबतीत पुरावा डोंगराएवढा आहे, शरीराच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम ही मात्राही ठरलेली आहे. तिथपर्यंत पोचायला प्रकाशाला अजून बरीच मजल मारायची आहे.

---

प्रकाशकण

मी प्रकाशमापनाच्या क्षेत्रात आहे. सायकल फक्त कामावर जायला चालवतो, तेव्हा दमाबद्दल माझं मत विचारू नका. पॅनेलबद्दल मात्र बोलतो, कारण वर सगळे ज्यूल-ज्यूल करताहेत आणि कोणते ज्यूल ते कोणी सांगितलं नाही.

स्नायूपुराण यांनी दिलेला आकडा, मांडीला ६० ते ३०० ज्यूल, हा पूर्ण स्नायूचा एकूण आकडा आहे. पॅनेलच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं ते दर चौरस सेंटीमीटरला. ही दोन वेगळी मापं आहेत. हिशेब करा. पॅनेल तुमच्या त्वचेवर खरोखर ४० मिलिवॅट प्रति चौ. सेंमी. देतं असं धरू. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद, म्हणजे २४ ज्यूल प्रति चौ. सेंमी. मांडीचा पुढचा भाग १५ बाय ३० सेंमी. धरला तर ४५० चौ. सेंमी. एकूण १०,८०० ज्यूल. शिफारशीतल्या वरच्या टोकाच्या ३६ पट!

प्रयोगांत स्नायूवर टेकवलेलं, त्वचेला दाबून धरलेलं छोटं उपकरण असतं, ठरावीक बिंदूंवर काही सेकंद. पॅनेल अर्ध्या हातावरून सगळीकडे शिंपडतं. काही भाग त्वचेवरून परततो, काही आत जातो. तेव्हा दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना सरळ होत नाही, हे मान्य. पण ‘संशोधनाने सिद्ध’ असं लिहून पॅनेल विकणारे ज्या संशोधनाचा दाखला देतात, त्यात पॅनेल वापरलेलं असतंच असं नाही. ते बहुतेक वेळा टेकवायचं उपकरण असतं.

या क्षेत्रात एक गोष्ट सगळेच मानतात: मात्रा कमी पडली तर परिणाम नाही, आणि फार झाली तरी परिणाम ओसरतो, कधी उलटही होतो. मग ३६ पट मात्रेचं काय होतं ते विक्रेत्याला विचारा आणि चेहरा बघा.

आणखी एक. हौशी चाचण्यांच्या व्हिडिओत पॅनेलची ताकद सोलर मीटरने मोजतात. ते मीटर पूर्ण सौर पट्ट्यासाठी बेतलेलं असतं. दोन-तीन अरुंद लाल पट्ट्यांसमोर धरलं की ते वाढवून दाखवतं, पुष्कळदा जवळजवळ दुप्पट. त्यामुळे ‘१०० मिलिवॅट’ वाचलं की निम्मे करून पुढे जा.

---

सूर्यफूल

मग उन्हात का उभं राहू नये? त्यातही लाल आणि अवरक्त असतंच की. आपण तासन् तास उन्हात पेडल मारतो, तरी तेवढ्याने आपली वेळ सुधारलेली दिसत नाही. 😄

---

प्रकाशकण

प्रश्न गमतीचा वाटला तरी चांगला आहे. दुपारच्या निरभ्र उन्हात साधारण १०० मिलिवॅट प्रति चौ. सेंमी. मिळतात आणि त्यातला निम्म्याच्या आसपास अवरक्त असतो. म्हणजे उन्हातला सायकलपटू रोज मोठी मात्रा घेतोच. फरक दोन. उन्हात अतिनील आणि उष्णता बरोबर येते. आणि सायकलच्या चड्डीचं काळं कापड मांडीपर्यंत फारसं काही पोचू देत नाही. पॅनेलवाल्यांनाही हेच लागू: चड्डी घालून पॅनेलसमोर बसलात तर चड्डीची रिकव्हरी उत्तम होईल.

खोलीबद्दल सांगायचं तर त्वचा आणि तिच्याखालची चरबी ओलांडून सेंटीमीटरभर आत पोचेपर्यंत प्रकाशाचा अगदी थोडा हिस्सा उरतो. ८१० ते ८५० नॅनोमीटरचा प्रकाश ६६० च्या लाल प्रकाशापेक्षा आत जातो, कारण लाल प्रकाश मेलॅनिन आणि रक्त जास्त अडवतं. ९७० च्या आसपास पाणी आडवं येतं. सावळ्या त्वचेत ६६० चा जास्त हिस्सा वरच्या वरच अडतो आणि त्याची उष्णता होते. प्रयोगांतल्या माणसांची त्वचा कशी होती, त्यांच्या मांडीवर चरबी किती होती, हे न बघता मात्रा उचलून चालत नाही. इथे मुरलेल्या सायकलपटूची एक जमेची बाजू आहे: त्याच्या मांडीवर चरबी कमी असते.

---

स्नायूपुराण

प्रकाशकण, ज्यूलचा मुद्दा इतका स्वच्छ मांडलेला मी आमच्या क्षेत्रातल्या चर्चेतही क्वचित ऐकला. टेकवायचं उपकरण आणि पॅनेल या वेगळ्या वस्तू आहेत, मी फक्त पहिली वापरते.

दमाशी जोडून अतिनीलचंही सांगून ठेवते. त्वचेत नायट्रेटचे साठे असतात आणि यूव्ही-ए किरणांनी त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. दमासाठी नायट्रेटवाला बीटचा रस पितात, त्यामागची कल्पना याच्याच जवळची. सराव केलेल्या सायकलपटूंवर १६.१ किलोमीटरच्या टाइम ट्रायलचा एक प्रयोग झालाय: नायट्रेट जेल आणि यूव्ही-ए एकत्र दिल्यावर वेळ सुधारली. पण ही युक्ती घरी करून बघू नका. त्वचेच्या कर्करोगाचा धोका पत्करून काही सेकंद वाचवायचे, हा कुठला शहाणपणा?

---

शंकासुर

आता माझं खरं मत. हे सगळं प्लासिबो, म्हणजे निव्वळ समजुतीचा परिणाम आहे असं धरलं तरी काय बिघडलं?

२००६ च्या एका प्रयोगात सायकलपटूंना १० किलोमीटरची टाइम ट्रायल करायला लावली. सांगितलं की कॅफीन देतोय, दिलं प्रत्यक्षात काहीच नाही. ‘कमी मात्रा’ मिळाली असं वाटणाऱ्यांची पॉवर १.३ टक्क्यांनी वाढली, ‘जास्त मात्रा’ वाटणाऱ्यांची ३.१ टक्क्यांनी. आणि ज्यांना प्लासिबो मिळतोय असं वाटलं त्यांची १.४ टक्क्यांनी घटली. म्हणजे निव्वळ समजुतीवर सुमारे साडेचार टक्क्यांचा झोका! वॅटमोजणींचा तो १ टक्का यात कुठे शोधणार?

लाल दिव्यात तर देखावा जबरदस्त. खोली लाल, अंग कोमट, डोळ्यांवर काळा चष्मा. दिखाऊ गोळी एवढं थोडंच करू शकते?

---

वॅटमोजणी

म्हणूनच आंधळी चाचणी, म्हणजे खरा उपचार मिळाला की दिखाऊ हे खेळाडूला कळू न देता केलेली चाचणी, महत्त्वाची. लाल दिसतो, ८५० जवळजवळ दिसत नाही, पण दोन्ही ऊब देतात. ‘दिखाऊ उपचार’ म्हणून बंद उपकरण टेकवलं तर मांडीला कळतं की आज काही कोमट लागलं नाही. आंधळेपणा टिकला का, हे प्रयोगानंतर खेळाडूंना विचारणं सोपं आहे, पण ते नेहमी विचारलं जात नाही. शिवाय या क्षेत्रातल्या काही संशोधकांचे उपकरण बनवणाऱ्या कंपन्यांशी आर्थिक संबंध आहेत. ते स्वतः निबंधात तसं जाहीर करतात, लपवाछपवी नाही. पण निष्कर्षाआधी तो परिच्छेद वाचायची सवय लावा.

---

टायरपंक्चर

आधीचे सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण हे डोपिंगमध्ये येतं का? पुढच्या महिन्यात चाचणी होणारी शर्यत आहे.

---

स्नायूपुराण

नाही. वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत प्रकाशोपचार नाही. २०१६ मधल्या एका आढावा लेखात संशोधकांनीच प्रश्न टाकला होता की याने खरंच क्षमता वाढत असेल तर नियामकांनी विचार करायला हवा का. तो प्रश्न अजून तसाच आहे. परिणाम एवढा अनिश्चित असताना बंदी घालायची कशावर, हेही आहेच.

---

पेंगुळलेला

सगळे मांडीतच अडकलेत. पांढऱ्या दिव्याचं काय? मी पक्का रात्रीचा माणूस. सकाळी साडेपाचला सुटणाऱ्या शर्यतीत पहिला तास माझे पाय दुसऱ्याचे असल्यासारखे चालतात. संध्याकाळच्या शर्यतीत त्याच लोकांना मी मागे टाकतो. दिव्याने हे बदलेल का?

---

निद्रादेवी

झोपेच्या आजारांच्या क्लिनिकमध्ये काम करते, म्हणून हे नाव. पेंगुळलेला, तुमचा प्रश्न या धाग्यातला माझ्या मते सर्वांत कामाचा आहे, कारण इथे प्रकाशाचा परिणाम पक्का माहीत आहे. शंका आहे ती फक्त सायकलवर तो किती उतरतो याची.

डोळ्याच्या पडद्यात बघण्याच्या पेशींखेरीज मेलॅनोप्सिन असलेल्या पेशी असतात. त्या साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि मेंदूतल्या मुख्य घड्याळाला उजाडलं की मावळलं ते कळवतात. रात्री तेजस्वी प्रकाश पडला की मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, दबतं. लाल दिव्याचा यावर नगण्य परिणाम होतो, म्हणून लाल पॅनेलने जेट लॅग जाईल असं कोणी सांगितलं तर उठून चालू लागा.

१०,००० लक्स हा आकडा ऋतुजन्य नैराश्याच्या उपचारातून आलाय. नॉर्मन रोझेनथाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्या आजाराचं वर्णन केलं. १०,००० लक्सला अर्धा तास किंवा २,५०० लक्सला दोन तास, असा रूढ हिशेब. घरातल्या दिव्यांत डोळ्यांशी ३००–५०० लक्ससुद्धा मुश्किलीने मिळतात, तर बाहेर ढगाळ दिवशीही हजारो. थेट ऊन १,००,००० च्या घरात. त्यामुळे उजाडलेलं असेल तर दिवा कशाला? बाहेर पडा, काळा चष्मा काढा.

आता तुमच्या पायांबद्दल. शरीराचं तापमान पहाटे तळाला असतं आणि संध्याकाळी वर, स्नायूंची ताकदही बरीचशी त्याच चालीने जाते. २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं की कोण कधी सर्वोत्तम कामगिरी करेल हे घड्याळातल्या वेळेपेक्षा नेहमीच्या उठण्यापासून किती तास गेले यावर जास्त ठरतं. दिवसातल्या चांगल्या आणि वाईट वेळेत एकाच व्यक्तीचा फरक २६ टक्क्यांपर्यंत गेला होता. ही सायकल चाचणी नव्हती, पण रात्रीच्या माणसाला पहाटे किती भुर्दंड बसतो याचा अंदाज येतो. आणि २०१२ मध्ये सायकल एर्गोमीटरवर तेजस्वी प्रकाशाचा प्रयोग झाला, तिथेही परिणाम व्यक्तीच्या अंतर्गत वेळेवर अवलंबून होता. म्हणजे एकच दिवा कोणाला उपयोगी, कोणाला नाही.

---

पेंगुळलेला

म्हणजे शर्यतीच्या दिवशी साडेतीनला उठून दिव्यासमोर बसू?

---

निद्रादेवी

तेवढंच केलंत तर सतर्कता वाढेल, झापड उतरेल. घड्याळ मात्र सरकणार नाही. उलट गडबड होऊ शकते. तापमानाचा तळ नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी येतो. त्या तळानंतर मिळालेला प्रकाश घड्याळ पुढे ओढतो, म्हणजे लवकर झोप आणि लवकर जाग. तळाआधी मिळालेला मागे ढकलतो. तुम्ही एरवी सातला उठत असाल तर तुमचा तळ चार-पाचला. साडेतीनचा प्रकाश चुकीच्या बाजूला पडतो. एका दिवसापुरतं चालेल, पण आठवडाभर रोज तसं केलंत तर तुम्ही स्वतःला आणखी घुबड बनवाल.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. शर्यतीच्या दीड-दोन आठवडे आधीपासून रोज १५ ते ३० मिनिटं लवकर उठा, उठल्या उठल्या अर्धा तास तेजस्वी प्रकाश घ्या आणि झोपण्याआधीचे दोन तास घर मंद ठेवा. संध्याकाळचा अंधार पाळला नाही तर सकाळच्या दिव्याचा निम्मा उपयोग वाया जातो. लोक दिवा विकत घेतात, अंधार कोणी घेत नाही.

दिव्याचं अंतर मोजा. ‘१०,००० लक्स’ हे लिहिलेल्या अंतरावरच खरं असतं आणि ते बहुतेकदा हातभरही नसतं. टेबलाच्या पलीकडे ठेवलात तर त्याचा खोलीतला साधा दिवा होतो.

आणि हे नीट वाचा: बायपोलर आजार असेल तर तेजस्वी प्रकाशाने उन्मादाचा झटका येऊ शकतो. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी प्रकाशसंवेदी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. लाल पॅनेलवाल्यांनीही डोळे झाका. ८५० दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, पण प्रकाश पडद्यापर्यंत जातोच.

---

सूर्यफूल

लाल प्रकाश आणि झोप असंही काहीतरी वाचलं होतं. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींवर?

---

निद्रादेवी

हो, चीनमधल्या महिला बास्केटबॉलपटूंवर, २०१२ मध्ये प्रसिद्ध. चौदा रात्री रोज अर्धा तास सगळ्या अंगावर लाल प्रकाश. झोपेची गुणवत्ता सुधारली असं निघालं. पण दुसरा गट बंद यंत्राखाली झोपला होता. लाल उजेडात आडवं व्हायचं की अंधाऱ्या यंत्राखाली, हे कोणालाही कळतं. शंकासुरांचा मुद्दा इथे तंतोतंत बसतो. आणि खेळाडू एकूण वीसच.

---

टायरपंक्चर

पुढच्या महिन्यातली माझी शर्यत सहा तास पूर्वेला आहे. तीन दिवस आधी पोचतोय. पोचल्यावर सकाळी उठून ऊन घेऊ ना?

---

निद्रादेवी

नको! सगळ्यांना हाच सल्ला मिळतो आणि पूर्वेकडच्या मोठ्या प्रवासात तो पहिल्या दिवशी उलटा पडतो.

तुम्ही घरी सहाला उठत असाल तर तळ तीन ते चारला. सहा तास पूर्वेला उतरल्यावर शरीर अजून घरच्याच वेळेवर असतं, म्हणजे तळ तिथल्या नऊ ते दहाला येतो. सकाळी सातचं ऊन तळाच्या आधी पडेल आणि घड्याळ मागे ढकलेल, जायचंय तुम्हाला पुढे. म्हणून पहिल्या सकाळी दहापर्यंत गडद चष्मा आणि घरातच. दहा ते एक भरपूर उजेड, जमल्यास तेव्हाच हलकी फेरी. दुसऱ्या दिवशी ही खिडकी तासभर अलीकडे, तिसऱ्या दिवशी आणखी तासभर. घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं, तेव्हा तीन दिवसांत सहा तास भरून निघणार नाहीत. निघण्याआधी घरी तीन-चार दिवस रोज थोडं लवकर उठून उजेड घेतलात तर एक-दोन तास इथेच मिळतील.

शर्यत किती वाजता आहे?

---

टायरपंक्चर

दुपारी दोनला.

---

निद्रादेवी

मग फारशी काळजी नाही. तीन दिवसांनी तुमच्या शरीराला ती सकाळी अकराची वाटेल.

---

फ्रीव्हील

पॅनेल सध्या घेत नाही. प्रकाशकण यांच्या ३६ पटीच्या हिशेबाने माझा निर्णय केला, प्लासिबोच्या वादाने नाही. टेकवायचं उपकरण स्नायूपुराण यांच्यासारख्या कोणाच्या हातून, सरावाआधी, असं मिळालं तर बघेन.

वॅटमोजणी, ज्यांच्याकडे पॅनेल आहेच त्यांनी घरी चाचणी करायची तर कशी?

---

वॅटमोजणी

थकेपर्यंतची चाचणी नको, ठरावीक अंतराची टाइम ट्रायल घ्या. ट्रेनरवर, तोच पंखा, दिवसाची तीच वेळ, आदल्या दिवशी तोच हलका सराव. आकडे झाकून. आधी दोन-तीनदा नुसती सवय करा, नाहीतर तुम्ही सुधारणा म्हणून मोजाल ती सवय असेल. मग घरातल्या दुसऱ्या कोणीतरी नाणं उडवून ठरवावं: आज पॅनेल की आज साधा तापणारा दिवा. डोळ्यांवर पट्टी, मांडीला ऊब दोन्ही वेळा तेवढीच. कागद त्यांच्याकडे ठेवा. प्रत्येक बाजूने किमान आठ वेळा झाल्याशिवाय उघडायचा नाही.

एवढं करायला कोणी तयार असेल तर व्यनि करा, आकडेमोड मी करून देतो. चार जण मिळाले तरी वेगळा धागा काढू.

---

शंकासुर

मी नाणं उडवायला तयार आहे.